मागचं दार उघडत नाही

आमच्या तोचिनोसे स्टेशनात कुणी परका माणूस उतरला, की त्याच्या कानावर सगळ्यात आधी पडतो तो फुसानोकाकूचा आवाज. नदीचा त्यानंतर. गाडी पुरती थांबायच्या आतच काकू फलाटावरून लगबगीनं चालत असते, उजव्या हाताचं बोट ताठ, आणि ओरडत असते, "पुढं या, पुढं. मागचं दार उघडत नाही." मागच्या डब्यात पेंगत बसलेला शहरी माणूस दचकून उठतो, पिशवी कवटाळून आतल्या आत पुढं धावतो, आणि उतरल्यावर ड्रायव्हरला सोडून काकूलाच वाकून नमस्कार करतो.

माझं केस कापायचं दुकान स्टेशनच्या बरोबर समोर आहे. गिऱ्हाइकाच्या डोक्याला गुंडाळ्या लावता लावता मला आरशात अख्खं स्टेशन दिसतं, फक्त उलटं. गावात म्हणतात, तामिएला सांगितलं की वर्तमानपत्रात द्यायला नको. म्हणू देत. वर्तमानपत्र इथं दुसऱ्या दिवशी येतं, आणि त्यात केसही कापून मिळत नाहीत.

तर फुसानो इतागाकी. उंचीला झाडूएवढी, दंडावर कंपनीनं दिलेली हिरवी पट्टी, आणि डोक्यावर नवऱ्याची स्टेशनमास्तरची टोपी, जी कानांवर अडकली नसती तर थेट हनुवटीपर्यंत आली असती. रेल्वेची माणसं प्रत्येक गोष्टीकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलतात, चूक होऊ नये म्हणून. सिग्नल हिरवा. रूळ मोकळा. काकूनं ही सवय नवऱ्याकडून घेतली आणि घरी नेली. निजायच्या आधी शेगडीकडं बोट, "गॅस बंद." कडीकडं बोट, "दार बंद." नवऱ्याच्या थडग्यापुढं उदबत्ती लावली की तिच्याकडंही बोट, "पेटली." मी एकदा म्हटलं, "काकू, नवऱ्याकडंही बोट दाखवून 'मेला' म्हणाली होतीस का?" ती म्हणाली, "म्हणाले होते. खात्री केलेली बरी."

तिचा नवरा तोकुजिरो या स्टेशनचा शेवटचा मास्तर. त्याच्या आधी इथं काय थाट होता, ते आता सांगून पटत नाही. माझ्या लहानपणी फलाटावर लाकूड आणि लोणारी कोळशाच्या पोत्यांचे डोंगर असायचे. तिकिटाला वेगळा माणूस, रुळांच्या सांध्याला वेगळा, आणि शेगडीवरच्या चहाच्या किटलीला जणू तिसरा. दर मार्चला शाळा संपलेली पंधरा वर्षांची पोरं एकाच गाडीनं शहरातल्या कारखान्यांकडं निघायची. आया रंगीत कागदी पट्ट्यांचं एक टोक धरायच्या, दुसरं खिडकीतल्या पोरांच्या हातात. गाडी हलली की पट्ट्या ताणल्या जायच्या आणि तुटायच्या. तेव्हापासून गावाचा रिवाज पडला. आपलं असो की परकं, कुणीही गाव सोडून निघालं, तर गाडी पुलापलीकडच्या वळणाआड जाईपर्यंत फलाटावर उभं राहायचं. पशुवैद्याची बदली झाली तेव्हाही सगळे उभे होते, आणि त्याच्या हातून तर निम्म्या गाई दगावल्या होत्या.

या रिवाजाला फुसानोकाकू एकदाच चुकली. नेमकी आपल्या पोटच्या पोरीच्या वेळी.

मिसाओ माझ्या वर्गातली. स्टेशनापुढच्या बोगद्याची डागडुजी चालू होती तेव्हा ओसाकाहून कामगार आले होते, त्यातला एक तिच्या मनात भरला. दिसायला बेताचा, पण हसवायचा. आमच्या दरीत तोवर हसवणारी मी एकटीच होते, म्हणून मला त्याचा रागच आला होता. मास्तरला तर तो माणूस, त्याची बोली, त्याचे बूट, काहीच खपलं नाही. मिसाओ एका सकाळी बॅग घेऊन स्टेशनात आली. मास्तरनं तिला तिकीट दिलं, चिमट्यानं त्याला भोक पाडलं, फलाटावर जाऊन झेंडाही दाखवला. नियमाचा माणूस. काकूला मात्र घरातून निघताना बजावलं होतं, "फलाटावर पाऊल टाकलंस तर परत घरात टाकू नकोस." काकू घरी मुळे सोलत बसली. शिट्टी ऐकली आणि सोलत राहिली. त्या हिवाळ्यात इतागाकींकडं मुळ्याचं इतकं लोणचं पडलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वसंतापर्यंत खाल्लं, आणि कुणी विचारलं नाही, एवढं का.

पुढं लाकूड संपलं, कोळसा संपला, पोरंही संपली. कंपनीनं मास्तर काढला, गाडीतला गार्ड काढला. आता ड्रायव्हर एकटाच, तोच तिकीट बघतो, म्हणून बिनमाणसांच्या स्टेशनात फक्त पुढच्या डब्याचं दार उघडतं. मास्तर वारला तेव्हा मिसाओचा पत्ता कुणाकडं नव्हता, तिला कळवलं गेलंच नाही. महिन्याभरात काकूनं झाडू हातात घेतला, खिडकीत बसून तिकिटं विकायचं काम मागून घेतलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहते. गाव म्हणतं, म्हातारपणाची हौस. मी एवढी बडबडी, पण यावर कधी काही बोलले नाही.

आणि एका शरद ऋतूत माझ्या दुकानातला फोन वाजला.

"तामिए? तुझाच नंबर पाठ होता."

पूर्वी गावात फोन तेवढा आमच्याच दुकानात होता, म्हणून तिला आठवत होता. आवाज ओसाकाचा झाला होता, पण श्वास घेऊन थांबायची लकब मिसाओचीच. आमच्याकडचा एक जुना लाकूडवाला तिच्या खानावळीत जेवला आणि बोलता बोलता तिला कळलं, बाबा गेले. "शनिवारी दुपारच्या गाडीनं येते म्हण आईला," ती म्हणाली. "तिला चालत असेल तर. नसेल तर तसं सांग."

मी रस्ता ओलांडून गेले. काकू खिडकीची काच पुसत होती.

"काकू, मिसाओ येतेय शनिवारी."

"तुझ्या थट्टेला आता सुमार राहिला नाही, तामिए."

"थट्टा नाही."

"मागच्या महिन्यात बादशहा केस कापायला येणार म्हणून सांगितलं होतंस."

"तो आला नाही, यात माझा काय दोष?"

तिला पटवायला मला माझ्या मेलेल्या आईची शपथ घ्यावी लागली. मग तिनं काचेकडं बोट दाखवलं, म्हणाली, "पुसली," आणि तीच काच पुन्हा पुसायला लागली.

त्या आठवड्यात काकूनं जंगली चेस्टनटच्या भाकऱ्यांचा घाट घातला. ज्यांनी तो केला असेल त्यांना ठाऊक, ते फळ कडू जहर असतं. ओढ्यात भिजवा, राखेत मुरवा, पुन्हा धुवा, तेव्हा कुठं ते चिकट भाताबरोबर कांडता येतं. मिसाओला लहानपणी त्याच आवडायच्या. शनिवारी सकाळी काकू माझ्या खुर्चीत येऊन बसली.

"केस कर."

"कसे?"

"माणसात आल्यासारखे."

मी तिला लाटा काढून दिल्या, वर थोडा काळा रंग. सुंदर दिसत होती. अगदी वेगळीच दिसत होती, हेही खरं. मग तिनं ठेवणीतला करडा किमोनो नेसला, स्टेशनात येऊन झाडू कोपऱ्यात उभा केला, हिरवी पट्टी कमरपट्ट्यात खोचली आणि टोपी खिळ्याला अडकवली.

"आज ड्युटी नाही का?" मी विचारलं.

"आज मी पाहुणीला घ्यायला आलेय. घरच्या माणसाला घ्यायला जाताना कुणी टोपी घालतं का?"

मी दुकानात परतले. खुर्चीत पोस्टमनची बायको होती. आरशात गाडी उलटी आली, नेहमीची दोन डब्यांची. मागच्या डब्याच्या दाराशी एक बाई उभी होती, निळा कोट, हातात बॅग. स्टेशनातून बाहेर पडायचा रस्ता त्याच टोकाला आहे, आणि या गावची पोर लहानपणापासून तिथंच उभी राहून उतरलेली. गाडीत टेप वाजते, मागची दारं उघडणार नाहीत, पुढं या. परका माणूस ती कान देऊन ऐकतो. आपल्या गावात उतरताना टेप कोण ऐकतं? ही चूक करायला तोचिनोसेतच जन्म घ्यावा लागतो.

आणि काकू? तिनं काचेआडचा चेहरा बघितला आणि ती वाकली. साधं वाकणं नव्हे. हात मांड्यांवर, पाठ सपाट, डोकं खाली. इतक्या वर्षांची माफी एका वाकण्यात बसवायची म्हणजे वेळ लागणारच. बोट नाही, ओरडणं नाही. आमचा ड्रायव्हर ओनोदेरा गाडी सोडतो ती काकूचा हात वर गेला की. त्यानं गाडीच्या आरशात पाहिलं, काकू वाकलेली. त्याला वाटलं, आज आपल्याला नमस्कार. सभ्य पोरगा, त्यानंही बसल्या जागी मान लववली आणि गाडी सोडली. दाराशी निळ्या कोटाची धडपड मला आरशात दिसली. मी हातातली कात्री तशीच घेऊन बाहेर धावले. पोस्टमनच्या बायकोची एक बाजू आखूड राहिली, ती दोन महिने तशीच होती.

काकूनं मान वर केली तेव्हा गाडी बोगद्यात शिरत होती.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "मला बघितलं आणि उतरली नाही."

"काकू, ती मागच्या दारात होती."

"होती ना. मी बघितलं. तिनंही बघितलं."

"अगं, मागचं दार उघडत नाही."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी तिला तिच्याच अंगणाचा पत्ता सांगत होते. "तामिए," ती हळूच म्हणाली, "तू चांगली आहेस. पण मला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस."

माझ्या उभ्या जन्मात मी इतकं खरं कधी बोलले नव्हते, आणि नेमकं तेव्हा माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ती प्रतीक्षागृहाच्या बाकावर जाऊन बसली. छपराखाली सोललेली पर्सिमनची फळं दोऱ्यांना वाळत टांगली होती, ती तिच्या नव्या केसांवर हलत होती. तिनं भाकऱ्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"खा. राहून दगड होतील."

गावात कुणाला सांगू नका, पण मला त्या खाववल्या नाहीत.

दुकानात फोन वाजायला लागला तो मला फलाटावरून ऐकू आला. पुन्हा रस्ता, पुन्हा कात्री हातात.

"तामिए, मी काराउसुला आहे," मिसाओ म्हणाली. बोगद्यापलीकडचं पुढचं स्टेशन. सार्वजनिक फोनवर होती. "शहराकडं जाणारी गाडी कधी आहे?"

"हीच शेवटच्या स्टेशनाला जाऊन संध्याकाळी परत येईल. पण तू ऐक आधी."

"मी ऐकायला नाही केला फोन. आई उभी होती, कोण जाणे कुठल्या बाईसारखी नटून. मला बघितलं आणि मान खाली घातली. मी दार ओढतेय, ओढतेय, तिनं मान वर म्हणून केली नाही. ड्रायव्हरनं विचारलं, तोचिनोसेला उतरायचं होतं का. मी म्हटलं, नाही."

"नाही का म्हणालीस, गाढवे?"

"मग काय म्हणू? आईनं तोंड फिरवलं म्हणू?"

"मिसाओ, ते दार..."

तेवढ्यात फोन कट झाला. तिच्याकडची सुट्टी नाणी संपली असावीत, नाहीतर धीर. आमचे हे ट्रक घेऊन रंगाच्या बाटल्या आणायला गेलेले, तेही शहरात. मी पुन्हा फलाटावर गेले.

"काकू, तिचा फोन होता. संध्याकाळच्या गाडीनं जातेय. इथूनच जाणार."

"जाऊ दे."

"तिला वाटतंय, तू तोंड फिरवलंस."

"मी?" काकू पहिल्यांदाच चिडली. "मी माफी मागत होते. एवढी वाकले की कंबर अजून सरळ होत नाही."

"मग तेच सांग तिला."

"काचेतून? ती बघणार नाही. एकदा तिची गाडी गेली तेव्हा मी नव्हते. आज मी होते, तर ती उतरली नाही. फिटलं."

आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो, उशीवर. त्या बाकावरच्या उश्या गावातल्या बायकांनी जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या. काकूच्या खाली होती ती मिसाओच्या शाळेच्या गणवेशाची. तिनं ती मुद्दाम निवडली होती की रोजच तिथं बसायची, ते मी विचारलं नाही.

डोंगराची सावली रुळांवर आली तशी काकू उठली. खिळ्यावरची टोपी काढली आणि माझ्या सगळ्या लाटांवर दाबून बसवली. किमोनोच्या बाहीवर हिरवी पट्टी चढवली. झाडू घेतला.

"आता कुठं?" मी विचारलं.

"गाडी येतेय. माझी ड्युटी आहे."

"म्हणजे मिसाओसाठी ना?"

"गाडीसाठी. गाडीत कोण आहे, ते माझं काम नाही."

बोगद्यातून आधी दिवा आला, मग आवाज. काकूनं बोट केलं, "रूळ मोकळा." आवाज जरा चिरका होता. गाडी फलाटाला लागली. पुढच्या डब्यात शाळेची दोन पोरं. मागच्या डब्यात, पार टोकाला, निळा कोट. बॅग मांडीवर, तोंड पलीकडच्या खिडकीकडं. कुणाला दिसू नये म्हणून शेवटच्या जागेवर बसली होती.

काकू जागच्या जागी थबकली. मला वाटलं, पुन्हा वाकणार. मी मनात म्हटलं, वाकू नकोस, म्हातारे, काहीही कर पण वाकू नकोस.

तिचं बोट वर गेलं. रोज जातं तसंच, ताठ.

"पुढं या," काकू ओरडली. "पुढं या. मागचं दार उघडत नाही."

मिसाओनं मान वळवली. टोपी, पट्टी, झाडू. टोपी तर बापाची. आता मात्र तिनं ओळखलं.

"मागचं दार उघडत नाही," काकू पुन्हा ओरडली, आता काचेला नाक लावून. "पुढं. पुढच्या डब्यातून."

मिसाओ उभी राहिली. तिनं त्या दाराकडं बघितलं, मग आईकडं. काहीतरी तिच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं, न्हाणीतलं पाणी तापतं तसं. मग तिनं बॅग उचलली आणि आतून चालायला लागली. काकू बाहेरून चालायला लागली, झाडू फरफटत, एकेका खिडकीबरोबर. मिसाओ एका सीटपाशी अडखळली तर काकूही थांबली. दोन डब्यांच्या मधल्या जोडापाशी मिसाओ दिसेनाशी झाली, तेव्हा काकूचं बोट हवेतच राहिलं, आणि ती पुढच्या खिडकीत दिसली तेव्हा काकू स्वतःशीच म्हणाली, "आहे."

ओनोदेरानं गाडी धरून ठेवली होती. दार उघडलं. आमचा फलाट जुना, ठेंगणा. दारातून उतरायला मोठी ढांग टाकावी लागते.

"जपून," काकू म्हणाली, सगळ्यांना म्हणते तेच, "पायरी उंच आहे." आणि हात पुढं केला.

मिसाओनं तो धरला आणि उतरली. उतरल्यावर सोडला नाही. काकूनंही नाही.

"तिकीट," काकू म्हणाली.

"आई, मी चुकून पुढं गेले होते."

"चुकून पुढं गेलेल्याला परत यायचे पैसे पडत नाहीत. नियम आहे." मग तिनं झाडू खाली ठेवला. "मीच बोट करायला विसरले, मिसाओ. टोपी घातली नव्हती ना."

मिसाओनं आईच्या डोक्यावरची टोपी जरा वर केली, खाली बघितलं, आणि ओसाकाच्या बोलीत विचारलं, "आणि हे केसांचं काय करून घेतलंस?"

काकूनं बोट माझ्याकडं केलं. "हिनं केलं."

माझ्या कामाची एवढी बेअब्रू यापूर्वी झाली नव्हती, आणि मी मान फिरवून पर्सिमनं मोजत असल्याचं नाटक केलं, कारण माझ्या डोळ्यांत कोळशाची धूळ गेली होती. आमच्याकडं कोळसा संपून किती वर्षं झाली, ते मी वर सांगितलंच आहे.

गाडी निघाली. काकूनं हात वर केला, पण वळणाकडं बघत उभी राहायला विसरली. त्या गाडीत निरोप द्यावा असं तिचं कुणी नव्हतं. शेवटी रिवाज मोडू नये म्हणून मीच उभी राहिले, गाडी पुलापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत, आणि वळून बघते तो त्या दोघी बाकावर बसून दगड झालेल्या भाकऱ्या फोडत होत्या.

"तामिए," मिसाओनं हाक मारली, "तू एकही नाही खाल्लीस? आजारी आहेस का?"